दिसतंय तोवर

माघ सरत आला होता आणि मुंजाजीच्या वावरातली निम्मी हळद जमिनीबाहेर निघाली होती. त्याची माय कौतिकाबाई बोरीच्या सावलीला बसून ओल्या गड्ड्यांची माती झाडत होती, हळकुंडं मोडून वेगळी टाकत होती. मोडताना कट्‌कन आवाज येई आणि बोटांना चीक लागे. तिच्या पेरांत तो पिवळा रंग लग्न होऊन आली तेव्हापासून बसला होता, साबणानं जात नव्हता.

गावची आशा सेविका रूपाबाई बांधावरून आली. काखेत वहीची पिशवी, डोक्यावर पदर, पदरावर धूळ.

"मावशी, उद्या शिरड शहापूरला शिबिर हाय. साखरवाल्यांचं. तुमचं नाव मी पैलंच लिवलं."

"काय तपासून राहिले?"

"डोळे."

"माझ्या डोळ्याला काय झालं, बाई?"

"झालं न्हाई म्हणूनच बघायचे. साखर असली की साल-साल डोळ्याचा पडदा दाखवावा लागते. तुमच्या साखरेला आठ वर्षं झाली. एकदाच आल्ता तुमी, त्याला झाले चार साल."

कौतिकाबाईनं हातातलं हळकुंड रूपाबाईच्या तोंडापुढं धरलं. "हे बघ. ह्या कोंबापाशी कीड हाय, सुईच्या टोकाएवढी. दिसली का?"

रूपाबाईनं चष्मा पुसून पाहिलं. "न्हाई दिसली."

कुदळ मारणाऱ्या बाया हसल्या. तांड्यावरचा थावरा, जो दरवर्षी हळद काढायला येई, तोही हसला. मुंजाजी म्हणाला, "रूपाक्का, तुमचेच तपासून घ्या. माझ्या मायला साठीत चष्मा न्हाई. दिवेलागणीला बिनचष्म्याची पोथी वाचते. सगळं गाव बघते."

"दिसणं येगळं अन् पडदा येगळा, दादा. डॉक्टर म्हणते, दिसत असते तवाच बघावं लागते."

"दिसून राहिलं तर मंग बघायचं काय?"

बाया पुन्हा हसल्या. रूपाबाई हसली नाही. कौतिकाबाई नको म्हणत होती त्याचं खरं कारण वेगळं होतं आणि ते रूपाबाईला ठाऊक होतं.

मुंजाजी पाच वर्षांचा असताना त्याला ताप भरला होता. नऊ दिवस उतरला नाही. दहाव्या दिवशी पोरगं डोळे पांढरे करू लागलं, तेव्हा कौतिकाबाई देवापुढं बसली आणि बोलून गेली, की हे लेकरू उठून बसलं तर रोज दिवेलागणीला पोथीचा एक अध्याय वाचीन, मगच रातचा घास तोंडात घालीन. लेकरू उठून बसलं. त्याला तेहेतीस वर्षं झाली. सुतक आणि अडचणीचे दिवस सोडले तर खंड नव्हता. चौथीपर्यंत शिकलेली बाई, सुरुवातीला एका ओळीला चार ठिकाणी अडखळायची. पुढं सगळे अध्याय पाठ झाले. तरी तिनं स्वतःला एक सक्ती लावून घेतली होती. अक्षरावर नजर टाकूनच वाचायचं. नुसतं पाठ म्हणणं म्हणजे वाचणं नव्हे. पाठ तर पोपटसुद्धा म्हणतो.

चार वर्षांपूर्वी त्या शिबिरात तिच्या डोळ्यांत औषधाचे थेंब टाकले, बाहुली मोठी करायचे. टाकले तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते. दिवेलागणीला ती पोथी घेऊन बसली तर अक्षरं एकात एक गेलेली. पोथी जवळ धरली, लांब धरली. समईभोवती मोठं पिवळं कडं दिसत होतं, बाकी सगळं पाण्यात बुडाल्यासारखं. तिनं पोथी मिटली आणि उपाशी निजली. चौथ्या दिवशी जवळा बाजारहून येताना मुंजाजी गाडीवरून पडला, खांद्याचं हाड मोडलं. कुणी काही म्हटलं नाही. चुकलेला अध्याय आणि हा अपघात तिनंच मनात एकमेकांना जोडला.

"सकाळी वाचून या की, मावशी," रूपाबाई खाली बसत म्हणाली. "एक दिसाचा तर सवाल हाय."

"देवाला येळ दिली की त्याच येळंला जावं लागते. तुझ्या डॉक्टरला म्हणावं, औषध टाकल्याबिगर बघ."

"तसं आतलं दिसत न्हाई."

"मंग राहू दे."

रूपाबाईनं वहीत नावापुढं फुली मारली आणि बांधावरून पुढच्या वावराकडं गेली.

दुसऱ्या साली ती आली नाही, निरोप धाडला. निरोपाला उत्तर गेलं नाही.

त्या साली होळीच्या तोंडावर हळद शिजवायचा कुकर गावात आला. चार पिंपांचा. त्याची पाळी मिळायला मुंजाजी आठ दिवस मालकाच्या मागं फिरत होता. पाळी मिळाली तशी सगळं घर वावरात आलं. थावरा भट्टीत तुरकाट्या आणि हळदीचा वाळला पाला कोंबत होता. पिंपाचं झाकण उघडलं की पांढरी वाफ उठे आणि माणसं दिसेनाशी होत. मग खालची खिडकी उघडून शिजलेली हळद भसकन जमिनीवर ओतत, आणि बाया ती टोपल्यात भरून वाळवणावर नेत.

दुसऱ्या दिवशी कौतिकाबाईच्या उजव्या डोळ्यापुढं एक काळा केस आला. तिनं पदरानं डोळा पुसला. केस तिथंच. हाताशी पाणी होतं, त्यानं डोळा धुतला. केस हलला, खाली गेला, पुन्हा वर आला. दुपारपर्यंत केसाचे चार झाले, मग राख उडावी तसं काहीतरी तरंगू लागलं, आणि ती जिकडं पाहील तिकडं ते सरकू लागलं.

"धुराचं हाय," ती स्वतःशीच म्हणाली. सांगितलं असतं तर दवाखान्यात नेलं असतं, आणि दवाखान्यात ते थेंब होते.

त्या संध्याकाळी ओळीच्या मधलं एक अक्षर दिसेना. तोंडानं ते म्हणून टाकलं आणि नजर पुढच्या अक्षरावर गेली. दोन दिवसांनी दोन अक्षरं. मग अर्धी ओळ. उजवा डोळा मिटून डाव्यानं पाहिलं तर तिथंही धुकं. होळी झाली, धुळवड झाली, आणि ती पानं उलटू लागली ती केवळ सवयीनं. आवाज तोच, चाल तीच, ऐकणाऱ्याला काही कळावं असं नव्हतं. अध्याय संपला की ती दोन्ही गालांवर मारून घेई. "देवा, उद्या निवळंल," म्हणे आणि ताटावर बसे.

दिवसाचं मात्र लपेना. कालवणात मीठ दोनदा पडलं. गोठ्यात जाताना ती दाव्यात अडकून आपटली. आणि एका सकाळी, थावरानं पिंप मोकळं केलं त्याच वेळी ती टोपलं घेऊन सरळ त्या वाफेत चालत आली आणि नुकत्याच ओतलेल्या हळदीत उभी राहिली.

"ए माय! भट्टीची हळद हाय ती!" थावरानं तिचा दंड धरून बाहेर ओढलं. "आंधळी झाली का म्हातारी?"

सगळे हसले. तीही हसली. पाय पाहिला तो थावरानं. डाव्या तळव्याला टरटरून फोड आला होता, बिब्ब्याएवढा. "पोळलं न्हाई का तुला?"

"न्हाई बा," ती म्हणाली. तिला खरंच कळलं नव्हतं. साखरेनं पाय कधीचे मुके झाले होते. तिला वाईट वाटलं ते हळदीवर पाय पडल्याचं. वाकून तिनं चिमूटभर हळदीची माती कपाळाला लावली.

सून संगिता हे सगळं पाहत होती. वाळवणावर सासूनं निवडून ठेवलेला ढीग तिनं संध्याकाळी चाळला, तर चांगल्या हळकुंडांत सडकी होती, खडे होते, एक वाळलेली लेंडीही.

"आत्याबाई, हे काय निवडून राहिल्या? लेंड्या बी बाजारात धाडायच्या का?"

"वाऱ्यानं आलं असंल."

"वारा बराबर तुमच्याच ढिगात येते."

रात होण्याआधी तिनं नवऱ्याला गाठलं. "त्यायला दिसत न्हाई."

मुंजाजी ताडपत्रीच्या दोऱ्या ओढत होता. "काहून जळती तू तिच्यावर?"

"मी जळू? काय ठेवलंय जळण्यासारखं? डोळे गेले म्हणते मी त्यायचे. दवाखान्यात न्या."

"अन् पोथी कोण वाचते मंग? तू?"

ह्यावर बोलणं संपे. पोथी हा पुरावा होता. दोन-तीनदा तिनं ह्यासाठी तोंड उघडलं आणि दोन-तीनदा ह्याच ठिकाणी ते बंद झालं. शेजारपाजारी बायकांत वेगळंच पसरलं, की संगिताला सासू घरात नकोशी झाली.

सोमवारी दिवेलागणीला आळीतल्या चार बाया पोथी ऐकायला येत. त्या सोमवारी संगितानं देवघर आधी झाडून घेतलं. लाल फडक्यातली पोथी सोडली. पोथी सुट्या पानांची होती, लाकडी दोन फळ्यांमधे ठेवलेली. वरची चार पानं काढून तिनं मागच्या अध्यायाची पानं तिथं घातली, आणि सगळी उलटी केली. पानं ठेवून तिनं नाक घासलं जमिनीला, मग पदर नीट घेऊन समई लावली.

कौतिकाबाई आली, पाय धुतलेली, ओल्या पायाचे ठसे उमटवत. पाटावर बसली. फडकं सोडलं, हात जोडले आणि वाचू लागली. एक शब्द अडखळला नाही. बोट ओळीवरून डावीकडून उजवीकडं सरकत होतं. बाया डोळे मिटून ऐकत होत्या. दारात मुंजाजी उभा होता, वावरातून नुकताच आलेला, अंगावर पिवळी धूळ.

अर्धा अध्याय झाला तेव्हा संगिता म्हणाली, "आत्याबाई, जरा थांबा. पान कितवं हाय?"

"मधी बोलू न्हाई, बाई."

"पाप माझ्या डोक्यावर. कितवं पान?"

"तिसरं."

"वरच्या बाजूला आकडा असते. बघून सांगा."

कौतिकाबाईनं पान समईकडं धरलं. बोटानं वरची कड चाचपली, जणू आकडा हाताला लागणार होता.

"तीन," ती म्हणाली.

"पोथी उलटी हाय, आत्याबाई. पानं दुसऱ्याच अध्यायाची हायत, अन् खालती डोकं वरती पाय. मी ठेवली."

मग एका बाईला हसू फुटलं, तिनं तोंडात पदर कोंबला, आणि त्यामुळं ते जास्तच ऐकू आलं.

"पोथी उलटी ठेवली तू," कौतिकाबाई हळूच म्हणाली. "पाप लागंल तुला."

"लागू द्या. आता तरी लेकाला म्हणा दवाखान्यात न्या."

मुंजाजी उंबऱ्याच्या आत आला. "कवापासून, माय?"

तिनं पानं गोळा केली, फळी ठेवली, फडकं बांधलं. गाठ दोनदा सुटली.

"होळीपासून," ती म्हणाली.

बाया उठून गेल्या. संगितानं ताट वाढून आणलं, समोर ठेवलं, भाकरी मोडून दुधात कुस्करून दिली. कौतिकाबाईनं ताटाला हात लावला नाही. होळीपासून तिनं खाल्लेला दर रातचा घास नेम मोडून खाल्लेला होता. दुसऱ्या कुणाला हे माहीत नव्हतं आणि सांगून कळलंही नसतं. ती पाटावरच बसून राहिली, तेल संपून समई विझली तरी तिला उशिरा कळलं.

सकाळी संगितानं सासूची पिशवी भरून ओसरीवर ठेवली. मुंजाजीनं आभाळाकडं पाहिलं. परभणीच्या अंगाला काळं झालं होतं.

"अंगणात सगळी हळद उघडी पडली," तो म्हणाला. "भिजली तर साल गेलं. वाळू दे, पॉलिशच्या ढोलात घासून निघू दे, मंग जाऊ. महिना थांबली ती, आणखी दहा दिसानं काय होते?"

"मी नेते," संगिता म्हणाली.

"अन् हळद कोण झाकंल? तुझा बाप?"

कौतिकाबाई मधे पडली. "होऊ दे हळद. मला काय तकलीफ हाय? दुखत तर न्हाई."

दुखत नव्हतं, हे खरं होतं. ह्या दुखण्यात दुखतच नाही.

दहाचे एकोणीस दिवस झाले. तीनदा पाऊस आला, तीनदा सगळ्यांनी धावत ताडपत्र्या ओढल्या, कौतिकाबाईनं एका कोपऱ्यावर दगड म्हणून बसून राहायचं काम केलं. पंधराव्या दिवशी भांडी घासताना डाव्या डोळ्यात लाल धागा उतरला. डोळ्यात कुंकू गेलं असं तिला वाटलं. पाण्याचे हबके मारले. दुपारी सगळं लाल झालं, आणि सांजेला लाल गेलं आणि काळं राहिलं. त्यानंतरही चार दिवस ढोल फिरत होता. खडखड ऐकत ती ओसरीवर भिंतीला टेकून बसे. कुणी जवळून गेलं की विचारी, "कोण हाय?"

हिंगोलीच्या दवाखान्यातली डॉक्टर वयानं लहान होती. परिचारिकेनं थेंबाची बाटली पुढं आणली तशी कौतिकाबाईनं आपण होऊन मान मागं केली. "टाक बाई. आता काय वाचायचं हाय?"

डॉक्टरनं बराच वेळ भिंगातून पाहिलं. उजवा, डावा, पुन्हा उजवा.

"शुगर किती वर्षं?"

"नऊ," मुंजाजी म्हणाला.

"पडदा शेवटचा कधी तपासला?"

"पाच साल झाले. कागद हाय." त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतून घडी पडलेला कागद काढला. पेटीत आधार कार्डाबरोबर जपून ठेवलेला होता, एक कोपरा तेवढा पिवळा झालेला.

डॉक्टरनं तो वाचला. "हा तुम्ही कुणाला वाचायला दिला नाही?"

"इंग्रजीत हाय. ठीक हाय असंच लिवलं असंल म्हणलं. त्यायनं तवा काही केलं न्हाई."

"सुरुवात झाली आहे, सहा महिन्यांनी परत दाखवा, असं लिहिलंय." तिनं कागद टेबलावर ठेवला. "तसं परत दाखवून वेळेवर लेझर केलं असतं तर थांबवता आलं असतं."

"पर तिला दिसत व्हतं, मॅडम. किडीचं टोक दिसत व्हतं."

"शेवटपर्यंत दिसतंच. दिसत असतानाच दरसाल बघायचं असतं. आत रक्त फुटलं म्हणजे उशीर झाला." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "उजव्याचा पडदा सुटलाय. डाव्याचं नांदेडला दाखवा. उद्या नाही, आता इथूनच जा. आठ-दहा दिवस आधी आला असता तर मी जास्त सांगू शकले असते."

संगितानं नवऱ्याकडं पाहिलं. मुंजाजीनं कागदाची जुनी घडी होती तशी पुन्हा घातली.

नांदेडला दोन खेपा झाल्या. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर कौतिकाबाईला खिडकी कोणत्या बाजूला आहे ते कळलं. एवढंच कळलं, आणि पुढं काही महिन्यांनी तेही कळेना.

घराच्या खांबापासून संडासाच्या दारापर्यंत मुंजाजीनं सुतळीची दोरी बांधली. शेजारची पोरं दोरी सोडून बाभळीला बांधत आणि लपून बघत. एकदा ती काट्यांत हात घालून उभी राहिली तरी ओरडली नाही, पोरांचं हसू थांबेस्तोवर तशीच थांबली. भेटायला येणारे तिच्या तोंडापुढं हात हलवून पाहत. हाताचा वारा गालाला लागे. ती म्हणे, "न्हाई दिसत बा. हलवू नको."

पुढच्या माघात तिला पुन्हा हळकुंडं मोडायला बसवलं. मोडायला डोळे लागत नाहीत. निवडायला संगिता बसे. पोथी लाल फडक्यात होती तशी राहिली. नात वैष्णवी म्हणाली, आजी मी वाचते, तू ऐक. कौतिकाबाई म्हणाली, "वाच बाई, तुझ्यासाठी वाच," आणि दोरी धरून बाहेर गेली.

डोळे गेल्यापासून तिला घरातलं बारीक बारीक ऐकू येऊ लागलं होतं. त्यात तिला मुंजाजी ऐकू येई. माठावर तांब्या आपटल्याचा आवाज, गटागटा पिणं, पुन्हा तांब्या. दार, चप्पल, दार. एका सकाळी ती म्हणाली, "मुंजा, रातून चारदा उठते तू मुतायला. पाणी किती पिऊन राहिला."

"ऊन लागलं असंल."

"माघात?"

तिनं वैष्णवीला धाडून रूपाबाईला बोलावून घेतलं. रूपाबाईनं त्याचं बोट टोचलं, थेंब पट्टीवर घेतला, यंत्र बराच वेळ हातात धरून ठेवलं.

"दोनशे नव्वद."

"मशीन बिघडली असंल," मुंजाजी म्हणाला.

"दुसऱ्या बोटाचं घेऊ?"

दुसऱ्या बोटाचं तीनशे दोन आलं.

गोळ्या सुरू झाल्या. त्या तो घेई. रूपाबाईनं डोळ्यांचं काढलं की मात्र उठून जाई. "लगेच काहून? मला तर शिरडची टाकी दिसून राहिली इथून."

"दादा, ही साखर कवापासून अंगात व्हती कुणाला ठाऊक? ती कळते त्याच साली पडदा बघावा लागते, अन् मंग साल-साल. मायचं बघितलं ना?"

"मायचंच बघून म्हणतो. जवर कुणी बघितलं न्हाई तवर तिला दिसत व्हतं. डॉक्टरनं ब्याटरी मारली अन् गेलं सगळं. हे बघायला गेलं की निंघतेच काहीतरी."

संगिता चुलीपुढून म्हणाली, "बघितलं म्हणून गेलं का? तुमी एकोणीस दिस ढोल फिरवला म्हणून गेलं."

त्यानं पायातली चप्पल काढून तिच्याकडं भिरकावली. चप्पल भिंतीला लागली. कौतिकाबाईनं आवाजावरून तोंड तिकडं फिरवलं.

"बेस्तरवारी शिरडला शिबिर हाय म्हणते रूपाबाई," ती म्हणाली. "मी येते तुझ्यासंगं."

"तू येऊन काय करशील?"

"तुझं नाव पुकारलं की हाताला धरून नेईन."

"तू मला नेशील?" तो हसला. "तू?"

"व्हय. मी."

बेस्तरवारी तिला गाडीवर मागं बसवून तो निघाला. रस्ताभर तिनं त्याच्या शर्टाची पाठ मुठीत धरली होती.

शिबिर शाळेत होतं. वर्गाच्या दाराशी बाकं लावलेली, बाकांवर माणसं, कुणाच्या डोळ्यांत औषध घातलेलं, ती मान मागं टाकून बसलेली. परिचारिका एकेकाला सांगत होती, "औषध टाकलं की पाच-सहा तास झाकळेल. गाडी चालवायची नाही. बरोबर कोण आहे?"

"हिला कोण नेईल घरी मंग?" मुंजाजी पुटपुटला. "आज पाण्याच्या मोटारीला लाईट हाय दुपारून. पाणी द्यायचं हाय."

"बसू दुपारभर. सांजेला जाऊ." तिनं त्याचं मनगट धरलेलं होतं. बोटांना त्याची नाडी लागत होती, भरभर चाललेली. "मुंजा, मला संडासाला न्यायला दोरी बांधली तू. तुला कोण बांधंल रे? पोरीचं लगन व्हायचं हाय अजून."

त्यांच्यापुढचा म्हातारा आत गेला. आता पुढचं नाव त्याचंच होतं.

"माय, हात सोड. लघवीला जाऊन येतो."

ह्याला तिला नाही म्हणता येईना. तिनं हात सोडला. "लौकर ये."

बाकावर कुणीतरी सरकून बसलं. आत खुर्ची ओढल्याचा आवाज झाला, मग परिचारिकेचा. "मुंजाजी माणिकराव!"

"हाय, हाय. आला वाटते," कौतिकाबाई म्हणाली आणि शेजारी हात टाकून मांडी चाचपली. "ऊठ, मुंजा."

"मी न्हाई, माय," परका आवाज आला. "ते तर कवाचे भाईर गेले."

"मुंजाजी माणिकराव! आहेत का? मागं लाईन आहे हो."

"नाव खोडू नको, बाई. आणते मी. आणून बसवते."

ती उठली. त्याच्या नंबराची चिठ्ठी एका हातात धरली, दुसरा हात भिंतीला लावला आणि निघाली. भिंत संपली तिथं व्हरांड्याच्या पायऱ्या होत्या. तिनं पाय पुढं करून पहिली पायरी शोधली, मग दुसरी. तिसरी होती हे तिला माहीत नव्हतं. गुडघ्यावर पडली, उठली, चिठ्ठी तशीच धरून. पटांगणात ऊन होतं.

"मुंजा! ए मुंजा! पुकारून राहिले तुला!"

मुंजाजी हापशाच्या कठड्याला टेकून उभा होता. लघवीला तो गेलाच नव्हता. ती पडली ते त्यानं पाहिलं होतं. हात पुढं करून, मान थोडी तिरपी धरून ती सरळ त्याच्याच दिशेनं येत होती. खिशातली किल्ली वाजू नये म्हणून त्यानं ती मुठीत दाबली.

दोन हातांवर येऊन ती थांबली. तिचा गुडघा फुटला होता आणि लुगड्याला रक्त लागलं होतं. तिनं तोंड इकडं केलं, तिकडं केलं. वर्गातून पुढच्या कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं.

"इथं कुणी हाय का?" तिनं विचारलं.

मुंजाजीनं श्वास धरला, आणि तिचा पदर अंगाला लागू नये म्हणून एक पाऊल मागं घेतलं.